पस्तीस मिलिमीटरचा हट्ट : रतन पेस्तनजी यांच्या कारकिर्दीचा प्रकरण अभ्यास

१९५४ साली टोकियोत भरलेल्या पहिल्या आग्नेय आशियाई चित्रपट महोत्सवात थायलंडच्या ‘सान्ती-वीना’ या चित्रपटाला छायाचित्रण आणि कलादिग्दर्शन अशी दोन पारितोषिके मिळाली. त्याखेरीज आशियाई संस्कृतीची ओळख पाश्चात्त्य प्रेक्षकांना करून दिल्याबद्दल अमेरिकेतील चित्रपट व्यावसायिकांच्या संघटनेने या चित्रपटाला एक मिचेल कॅमेरा बक्षीस दिला. त्या काळी हॉलिवूडचे स्टुडिओ वापरत असलेला हा कॅमेरा विकत घेणे बँकॉकमधल्या कोणत्याही निर्मात्याच्या आवाक्याबाहेरचे होते. तो मायदेशी आणताना मात्र सरकारने त्यावर सुमारे ५,००० डॉलर जकात लावली, आणि चित्रपट परदेशी पाठवण्यापूर्वी सेन्सॉरला दाखवला नव्हता म्हणून १,००० बाट दंडही वसूल केला. छायाचित्रणाचे पारितोषिक ज्यांना मिळाले आणि जकात व दंड ज्यांना भरावे लागले ते गृहस्थ एकच होते. त्यांचे नाव रतन पेस्तनजी.

थाय चित्रपटाच्या इतिहासात पेस्तनजींचा उल्लेख आज आधुनिक थाय चित्रपटाचे जनक म्हणून होतो. हे बिरुद त्यांना मरणोत्तर मिळाले असल्यामुळे त्यावरून त्यांच्या हयातीतल्या परिस्थितीचा अंदाज येत नाही. या लेखाचा प्रश्न मर्यादित आहे. त्यांच्या भोवतीचा सारा धंदा १६ मिलिमीटर रुंदीच्या स्वस्त फिल्मवर उत्तम चालला होता. अशा वेळी एका छायाचित्रकाराने ३५ मिलिमीटरचा आणि चित्रीकरणाबरोबरच ध्वनिमुद्रित होणाऱ्या संवादांचा आग्रह धरला, तो शेवटपर्यंत सोडला नाही, आणि त्यापायी कथापट काढणेच बंद करण्याची वेळ त्याच्यावर आली. हा निर्णय चुकीचा होता, की तो घेणाऱ्याला एकट्याने पेलवणार नाही अशा परिस्थितीत घेतलेला तो बरोबर निर्णय होता?

पेस्तनजींचा जन्म २२ मे १९०८ रोजी बँकॉकमध्ये एका पारशी कुटुंबात झाला. हे आडनाव मुंबईकरांना परके वाटणार नाही. सुरत आणि मुंबईहून रंगून, पिनांग, हाँगकाँगपर्यंत पसरलेल्या पारशी व्यापाराच्या वाटेवर बँकॉकही होते, आणि तिथे स्थायिक झालेल्या मोजक्या घरांपैकी हे एक. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण लंडनमध्ये झाले. छायाचित्रणाचा आणि चलच्चित्रणाचा नाद मात्र त्यांचा स्वतःचा होता. १९३७ साली त्यांनी ‘तांग’ नावाचा एक लघुपट केला आणि तो ग्लासगो येथील हौशी चित्रपटकारांच्या स्पर्धेत पाठवला. तिथे त्याला पारितोषिक मिळाले, आणि ते आल्फ्रेड हिचकॉक यांच्या हस्ते देण्यात आले. हिचकॉक त्या वेळी अजून ब्रिटनमध्येच चित्रपट करत होते. त्या भेटीचा परिणाम पुढच्या रहस्यपटांवर झाला असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. माझ्या मते पेस्तनजींच्या कामात हिचकॉकपेक्षा अभियंताच जास्त दिसतो. यंत्र पूर्ण क्षमतेने चालले पाहिजे, आणि चालत नसेल तर ते का चालत नाही हे शोधले पाहिजे, ही वृत्ती त्यांनी अखेरपर्यंत जपली.

थायलंडमध्ये बोलपट १९३२ सालीच आला होता. वसुवत बंधूंच्या ‘लोंग थांग’ या चित्रपटाने ती सुरुवात केली. म्हणजे मुंबईत अर्देशीर इराणींनी ‘आलम आरा’ पडद्यावर आणल्यानंतर जेमतेम वर्षभराने. दुसऱ्या महायुद्धाने ही घडी विस्कटली. कच्ची फिल्म मिळेना, स्टुडिओ बंद पडले, आणि युद्ध संपल्यावर धंदा पुन्हा उभा राहिला तो वेगळ्याच पायावर. १९४९ सालच्या ‘सुफाप बुरुत सुआ थाय’ या १६ मिलिमीटरवरच्या चित्रपटाने गल्ला भरला आणि पुढची जवळजवळ दोन दशके थाय चित्रपट म्हणजे १६ मिलिमीटर हे समीकरण ठरून गेले.

या पद्धतीचे तंत्र थोडे तपशिलात समजून घेतल्याशिवाय पेस्तनजींचा हट्ट कळणार नाही. १६ मिलिमीटरची रंगीत फिल्म ही ‘रिव्हर्सल’ प्रकारची असे. म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली फिल्म धुतली की तीवरच सरळ चित्र मिळे, वेगळ्या निगेटिव्हची गरज नसे. कॅमेरा हलका, फिल्म स्वस्त, दिवे कमी लागत. त्यातून मूकपट चित्रित करायचा आणि संवाद थिएटरात, खेळ चालू असताना, मायक्रोफोनसमोर बसलेल्या आवाजाच्या कलावंतांनी बोलायचे. एकच पुरुष सारी पुरुष पात्रे बोले, एकच स्त्री सारी स्त्री पात्रे. कुठे कुठे हे दोघे नवरा-बायको असत. गाव बदलले की विनोद बदलत, स्थानिक टोमणे येत, आणि चांगल्या आवाजाच्या जोडीला नटांइतकाच मान असे. चित्रीकरणाच्या वेळी नटाला संवाद पाठ करावे लागत नसत, कारण कॅमेऱ्याबाहेर बसलेला एक जण ते वाचून दाखवी आणि नट ओठ हलवी. त्यामुळे मित्र चाइबंचासारखा लोकप्रिय नट एकाच काळात अनेक चित्रपटांचे काम करू शके, आणि त्याने आपल्या चौदा-पंधरा वर्षांच्या कारकिर्दीत दोनशेहून अधिक चित्रपट केले.

आता याच्या तुलनेत ३५ मिलिमीटरचा हिशेब पाहू. त्यातील एका चौकटीचे क्षेत्रफळ १६ मिलिमीटरच्या चौकटीच्या साधारण साडेचार पट असते, त्यामुळे मोठ्या पडद्यावर चित्र फुटत नाही. पण तेवढ्याच वेळासाठी फिल्म अडीच पट लांब लागते, आणि रुंदीही दुपटीहून अधिक असल्याने कच्च्या मालाचा खर्च त्याच प्रमाणात चढतो. रंगीत ३५ मिलिमीटर धुण्याची सोय थायलंडमध्ये नव्हती. निगेटिव्ह परदेशी प्रयोगशाळेत पाठवावे लागे. परिणामी आज घेतलेले दृश्य कसे उतरले हे छायाचित्रकाराला लगेच कळत नसे, आणि तोवर सेट मोडलेला असे. संवाद चित्रीकरणाबरोबर मुद्रित करायचे तर आवाज न करणारा कॅमेरा हवा, बाहेरचा गोंगाट आत येणार नाही असा स्टुडिओ हवा, आणि संवाद पाठ करून येणारा नट हवा. या तिन्ही गोष्टी बँकॉकमध्ये दुर्मीळ होत्या. तिसरी सर्वांत दुर्मीळ.

पेस्तनजींना स्वस्त मार्ग माहीत नव्हता असे नाही. राजपुत्र भानुबंधु युगल यांच्या ‘फान थाय नोरासिंग’ या ऐतिहासिक चित्रपटाचे छायाचित्रण त्यांनीच केले होते, आणि १९५१ साली दिग्दर्शित केलेला त्यांचा पहिला कथापट ‘तुक्काता चा’, म्हणजे ‘लाडकी बाहुली’, हाही १६ मिलिमीटरवरच होता. त्यांनी ही पद्धत वापरली आणि ती नाकारली. त्यानंतर हनुमान फिल्म ही स्वतःची निर्मितीसंस्था आणि बँकॉकच्या वायरलेस रोडवर स्वतःचा स्टुडिओ उभारून त्यांनी ३५ मिलिमीटरवर काम सुरू केले, त्याचे पहिले मोठे फळ ‘सान्ती-वीना’.

‘सान्ती-वीना’चे दिग्दर्शन मारुत यांनी केले; पेस्तनजी निर्माते आणि छायाचित्रकार. कथा साधी आहे. गुहेतल्या मंदिरात एका भिक्खूने वाढवलेला आंधळा मुलगा सान्ती आणि त्याची बालमैत्रीण वीना, त्यांच्या आड येणारा गावातला दांडगा तरुण, पळून जाण्याचा फसलेला प्रयत्न, आणि अखेर दृष्टी परत मिळालेल्या सान्तीने चीवर परिधान करणे. कथेत नवे फारसे नाही. नवे आहे ते प्रकाशाचे नियोजन. गुहेच्या छतातल्या भोकातून खाली येणारा उन्हाचा झोत, भोवतीचा काळोख, आणि त्या दोहोंच्या सीमेवर उभा केलेला चेहरा हे सारे रंगीत फिल्मवर पकडणे त्या काळी अवघड होते, कारण रंगीत फिल्मला उजेड भरपूर लागे आणि उजळ व काळ्या भागांमधला मोठा फरक ती सहन करत नसे. निकाल पाहायला लगेच मिळणार नाही अशा स्थितीत पेस्तनजींनी हे केले. टोकियोतले पारितोषिक या जोखमीचे होते, असे मला वाटते.

आणि मग ती जकात. थाय सरकारच्या दृष्टीने आयात झालेले यंत्र हे आयात झालेले यंत्रच. ते बक्षीस आहे की विकत घेतलेले याच्याशी कस्टमला कर्तव्य नव्हते. नियमाप्रमाणे हे बरोबरही असेल. परंतु या प्रसंगाने पेस्तनजींच्या उरलेल्या आयुष्याचा एक धागा पक्का केला. चित्रपट हा उद्योग आहे, त्याला सरकारने करमणूक कर वसूल करण्याचे दुभते समजू नये, हे ते पुढची सोळा वर्षे निरनिराळ्या दालनांत सांगत राहिले.

पुढच्याच वर्षी मारुत यांच्याच दिग्दर्शनाखाली ‘चुआ फा दिन सलाय’ आला, आणि १९५७ साली पेस्तनजींनी स्वतः दिग्दर्शनाची सूत्रे घेऊन ‘रोंग रेम नरोक’ केला. या चित्रपटापाशी थांबावे लागते, कारण सर्व अडचणींचे रूपांतर त्यांनी इथे शैलीत केले. सारा चित्रपट एका आडगावच्या हॉटेलात घडतो, आणि त्या हॉटेलात भाड्याने द्यायला खोली एकच. रंग नाही, कृष्णधवल. ती एक खोली आधीच घेतलेला पाहुणा, तिच्यावर हक्क सांगत येऊन धडकलेली तरुणी रियाम, दोघांच्या मध्ये सापडलेला हॉटेलचा व्यवस्थापक, आणि त्यात पैशांवर टपलेले दरोडेखोर. सेट एकच असल्याने ध्वनीवर ताबा ठेवता येई, कॅमेरा फार हलवावा लागत नसे, आणि नटांना लांबलचक दृश्ये सलग बोलावी लागत. संवाद खरोखर बोलले जात आहेत म्हणून चढाओढीच्या संवादांना वेळ साधता येते. एकाचे वाक्य संपायच्या आत दुसऱ्याने तोडणे, मध्येच शांतता पडणे, गाणे सुरू होता होता भांडणात विरणे, हे थिएटरात बसून दोन आवाजांनी बोललेल्या चित्रपटात अशा नेमकेपणाने शक्य नव्हते. प्रहसन, थरार आणि संगीतिका यांची ही सरमिसळ त्या वेळच्या प्रेक्षकाला चमत्कारिक वाटली असल्यास नवल नाही. मला तरी पेस्तनजी दिग्दर्शक म्हणून सर्वांत मोकळे इथेच दिसतात. रंग हाताशी असला की त्यांच्यातला छायाचित्रकार कधी कधी दिग्दर्शकाला बाजूला सारतो. इथे तो मागे उभा आहे.

१९५८ चा ‘सवान मूत’, म्हणजे ‘अंधारलेला स्वर्ग’, ही पुन्हा रंगीत संगीतिका. गायक सुथेप वोंगकामहेंग यांनी केलेला कचरा गोळा करणारा नायक युद्धावर जातो आणि आंधळा होऊन परततो. ‘सान्ती-वीना’नंतर पुन्हा आंधळा नायक. आयुष्यभर कॅमेऱ्यामागे राहिलेल्या माणसाला न दिसण्याच्या विषयाकडे दोनदा यावेसे वाटले, यातून काय घ्यायचे ते वाचकाने ठरवावे.

कारकिर्दीचा कळस मात्र १९६१ चा ‘फ्रे दाम’, म्हणजे ‘काळे रेशीम’. त्याची बर्लिन आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धा विभागात निवड झाली. तिथवर पोहोचलेला तो पहिला थाय चित्रपट. कर्जात बुडालेला नाइटक्लबचा मालक, त्याने रचलेला कट, त्याचा हस्तक तोम, आणि तोमच्या प्रेमामुळे या जाळ्यात ओढली जाणारी विधवा फ्रे. फ्रेची भूमिका पेस्तनजींची कन्या रतनावदी यांनी केली. गुन्हेगारीपटाची ही जात काळ्या-पांढऱ्या चित्रणासाठी ओळखली जाते. पेस्तनजींनी ती रंगात केली आणि रंगातूनच काळा वेगळा काढला. नायिकेचा शोकाचा काळा पोशाख भोवतीच्या भडक रंगांमध्ये असा ठेवला आहे की डोळा तिच्यावरून हटत नाही, आणि कथा पुढे सरकते तसा तो काळा रंग शोकाचा न राहता संशयाचा होतो. गुन्ह्याने पोखरलेला तोम पुढे मंदिराचा आसरा घेतो. इथे हॉलिवूडचा साचा सुटतो आणि कर्मविपाकाची बौद्ध कथा सुरू होते. पटकथेची गती मधल्या भागात मंदावते, हे मान्य करायला हवे. तरी त्या दशकात आशियात झालेल्या रंगीत छायाचित्रणात हा चित्रपट वरच्या रांगेत बसतो.

बर्लिनमुळे गल्ल्यात फरक पडला नाही. त्या काळात १६ मिलिमीटरचे उत्पादन वाढतच होते; मित्र चाइबंचा आणि नटी फेच्चरा चाओवरात यांच्या जोडीचे चित्रपट एकामागून एक लागत होते, आणि वितरकांना पेस्तनजींच्या एका चित्रपटाच्या खर्चात त्यांचे अनेक चित्रपट मिळत होते. १९६० च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी ‘नाम तान माय वान’ हा शेवटचा कथापट केला. सोंबत मेतानी नायक असलेल्या या रंगीबेरंगी विनोदीपटात केसांच्या औषधावर श्रीमंत झालेला बाप मुलाला आपल्या दिवंगत भारतीय मित्राच्या मुलीशी लग्न करायला लावतो, कारण धंद्याचे मूळ श्रेय त्या मित्राचे. परक्या समाजातून आलेल्या माणसाचे ऋण मान्य करणारी ही कथा एका बँकॉककर पारशाने लिहावी यात काही योगायोग नसावा. चित्रपट चालला नाही. पेस्तनजींनी कथापट थांबवले आणि जाहिरातपटांकडे वळले.

त्यांच्या बाजूने आणि विरुद्ध दोन्हीकडून इथे बोलले पाहिजे. १६ मिलिमीटरची पद्धत कमअस्सल होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिने युद्धानंतरच्या गरीब देशात गावोगाव थाय चित्रपट नेला, हजारोंना काम दिले, आणि आवाजाच्या कलावंतांची एक जिवंत परंपरा घडवली. प्रेक्षक आपल्या भाषेतल्या चित्रपटाला टिकून राहिला तो या स्वस्त चित्रपटांमुळे. पेस्तनजींची चूक असेल तर ती ही, की त्यांनी तंत्राचा दर्जा वाढला म्हणजे बाजार आपोआप मागे येईल असे गृहीत धरले. बाजार दर्जावर चालत नव्हता, तारे आणि आवाज यांच्यावर चालत होता. दुसरीकडे हेही खरे, की जपानमध्ये जो खर्च मोठे स्टुडिओ उचलत होते, मुंबईत जो एका विशाल हिंदीभाषक बाजारावर वाटला जात होता, तो बँकॉकमध्ये एका कुटुंबाच्या खिशातून जात होता. प्रयोगशाळा, ध्वनी स्टुडिओ, कच्च्या फिल्मवरची सवलत यांपैकी एकही गोष्ट सरकारने पुरवली असती तर हिशेब वेगळा झाला असता.

हेच ते अखेरीला सांगत होते. १७ ऑगस्ट १९७० रोजी बँकॉकच्या मोंतियन हॉटेलात सरकारी अधिकारी आणि चित्रपट व्यावसायिक यांची बैठक होती. हॉलिवूडच्या वर्चस्वाबद्दल आणि थाय चित्रपटाला सरकारी पाठबळ मिळण्याबद्दल बोलत असताना पेस्तनजी कोसळले, आणि त्याच दिवशी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय ६२. दोन महिन्यांच्या आत, ८ ऑक्टोबर रोजी, हेलिकॉप्टरला लटकून चित्रीकरण करताना पडून मित्र चाइबंचाही गेला. १६ मिलिमीटरचे पर्व त्यानंतर झपाट्याने आटोपले आणि थाय चित्रपट ३५ मिलिमीटरवर आला.

सरकारने पाऊल उचलले ते सात वर्षांनी. १९७७ साली परदेशी चित्रपटांवरचे आयातशुल्क मीटरला २.२० बाटवरून ३० बाट करण्यात आले. दोन तासांच्या ३५ मिलिमीटरच्या प्रतीची लांबी सुमारे ३,२८० मीटर भरते. म्हणजे एका प्रतीवरचे शुल्क साधारण ७,२०० बाटवरून ९८,००० बाटच्या वर गेले. हॉलिवूडच्या कंपन्यांनी थायलंडला नवे चित्रपट देणेच थांबवले, आणि ही कोंडी १९८१ पर्यंत टिकली. त्या पोकळीत थाय चित्रपटांची संख्या एकदम वाढली. दर्जा वाढला का, यावर मतभेद आहेत, आणि पेस्तनजींना नेमके हेच हवे होते का यावरही. संरक्षणाच्या भिंतीपेक्षा प्रयोगशाळा त्यांना अधिक प्रिय वाटली असती असा माझा कयास आहे.

त्यांचे नाव पुन्हा चर्चेत आले ते नव्या पिढीमुळे. २००० साली आलेल्या आणि पुढच्या वर्षी फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात दाखवल्या गेलेल्या ‘फा थलाय चोन’चे दिग्दर्शक विसित सासनतियंग यांनी पेस्तनजींचे ऋण उघडपणे मान्य केले आहे, त्या चित्रपटातले भडक गुलाबी आणि हिरवे रंग पाहिले की ते ऋण कुठले हे सांगावे लागत नाही. थाय लघुपट महोत्सवात त्यांच्या नावाचे पारितोषिक दिले जाते.

‘सान्ती-वीना’ मात्र दशकानुदशके हरवलेला मानला जात होता. मूळ निगेटिव्ह परदेशात वाहतुकीत निकामी झाले असे सांगितले जाई, आणि देशात प्रत उरली नव्हती. २०१४ साली थाय फिल्म आर्काइव्हच्या शोधात निगेटिव्ह लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटकडे सापडले. शिवाय रशियाच्या गोसफिल्मोफोंद या सरकारी चित्रपट संग्रहालयाकडे आणि चीनच्या चित्रपट संग्रहालयातही प्रती निघाल्या. बोलोन्याच्या प्रयोगशाळेत पुनरुज्जीवन होऊन २०१६ साली तो कान महोत्सवाच्या अभिजात विभागात दाखवला गेला. ‘फ्रे दाम’ची निवड याच विभागासाठी २०२० साली झाली. ज्या गोष्टीमुळे पेस्तनजी आर्थिक अडचणीत आले, म्हणजे परदेशी प्रयोगशाळेत धुतले जाणारे ३५ मिलिमीटरचे निगेटिव्ह, त्याच गोष्टीमुळे चित्रपट वाचला. त्याच काळातल्या १६ मिलिमीटरच्या कित्येक चित्रपटांना वेगळे निगेटिव्ह नव्हतेच. फिरून फिरून प्रती झिजल्या, आणि ज्या उरल्या त्यांना आवाज नाही. मित्र चाइबंचा आज पडद्यावर दिसतो, पण संवाद त्या वेळी थिएटरात बसलेल्या दुसऱ्याच कुणीतरी बोललेले होते. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे ‘आलम आरा’ची प्रत नाही हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या फरकाचे मोल वेगळे सांगायला नको.

पेस्तनजींचे काम प्रथमच पाहणाऱ्याने सुरुवात ‘सान्ती-वीना’ने करू नये. पुनरुज्जीवनाच्या कहाणीमुळे त्याच्याकडे लक्ष जाते, पण त्याची कथा आज भाबडी वाटते. आधी ‘रोंग रेम नरोक’ पाहावा, तोही चांगल्या स्पीकरवर, आणि मग ‘फ्रे दाम’.